कंपनीला हात नसतात

कोर्टाची पायरी चढताना माणसं देवाला नवस बोलतात, की बाबा रे, यातून माझं नाव तेवढं गाळ. आपलं नाव दाव्यात राहिलंच पाहिजे म्हणून स्वतःच्याच वकिलाशी भांडलेला माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझी सगळी हयात विमा कंपनीत गेली. कुठलाही कागद मी मागच्या पानापासून वाचतो, झाडाखाली उभा राहायच्या आधी फांद्या बघतो आणि दुसऱ्याच्या गाडीवर बसताना देवाचं नाव घेतो. असल्या माणसाला दैवानं थोरला साडू कोण द्यावा, तर सोलापुरातला मंडपवाला. बांबू, दोरी आणि कापड एवढ्याच तिघांच्या भरवशावर ज्याचा संसार उभा.

नवी पेठेतल्या एका बोळात त्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, त्यामागं झालरींच्या गठ्ठ्यांचा डोंगर आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या शर्टातले आमचे साडू. आवाज असा, की समोरच्या सराफाकडं गिऱ्हाईक अंगठीचा भाव विचारायचं आणि यांच्या आवाजातलं उत्तर ऐकून बुचकळ्यात पडायचं. गिऱ्हाईक आलं की हे पहिल्यांदा पत्ता विचारत नसत, तारीख विचारत नसत. विचारत, "पोरीचं का पोराचं?" पोरीचं म्हटलं की खुर्ची पुढं सरकायची, चहा यायचा आणि मग पुढचा तासभर 'आपलं कार्य' चालायचं. आपल्या कार्याला ऊन कुठून येतं, आपली पंगत किती बसायची, आपल्या नवरीची आजी कितपत चालते. एकदा एका बापानं बिचकत विचारलं होतं, की मालक, लग्न आमच्या घरचं आहे ना? साडू म्हणाले, "आवो, घर तुमचं. कार्य आपलं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. मुहूर्तमेढ रोवायला ते स्वतः हजर राहायचे. लग्नाच्या आधी घरातली माणसं आंब्याचा डहाळा बांधलेला तो पहिला खांब पुजतात आणि उभा करतात, त्यात मंडपवाल्याचं काही काम नसतं. पण साडूंचा हात त्या मेढीला लागल्याशिवाय त्यांचा एकही वासा गाडीतून उतरत नसे. हल्ली लग्नं फरशीच्या हॉलमध्ये होतात, खड्डा खणायची सोय नाही, म्हणून लोक तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात मेढ खोचतात. साडूंना हे बघवायचं नाही. "डब्यातली मेढ म्हंजे कुंडीतलं झाड. नवराबायको उद्या फ्लॅट बदलत फिरत्याल," म्हणायचे. म्हणून त्यांच्या गाडीत काळ्या मातीनं भरलेली एक लोखंडी बादली कायम असायची. ही माती त्यांच्या शेतातली. तिच्यात मेढ रोवून, भोवतीनं माती पायानं दाबून, खांब दोन्ही हातांनी हलवून बघायचा आणि मगच म्हणायचं, "झालं. आता पडली तर मी हाय."

त्या वाक्यावर माझ्या अंगावर काटा यायचा. विमा कंपनीत आम्ही चौतीस प्रकारे जे वाक्य टाळायला शिकतो, ते हा माणूस रोज फुकट वाटत फिरत होता. मी म्हटलं, साडू, निदान विमा तरी उतरवा. मंडप पडला, कुणाला लागलं, तर भरपाई विमा कंपनी देईल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्या पंगतीत काही अभद्र बोललो. "पावणं, मेढ रोवायच्या आदी मांडव पडल्याचा कागद करायचा? नवरीच्या आईला काय सांगू, हळद लावा, तवर मी पडझडीची सही करून येतो?" विषय संपला. त्या काळात मी त्यांच्या मांडवात जेवायला बसलो की खांबापासून लांबची जागा धरायचो, हे त्यांना कळत होतं. ते मुद्दाम खांबाजवळ माझं ताट मांडायला लावायचे.

त्यांची लेक मात्र माझ्या वळणाची निघाली. पुण्यात सी.ए. झाली आणि पहिलं काम केलं ते बापाच्या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. तिनं त्यांना समोर बसवून समजावलं, "अप्पा, आजवर तुम्ही म्हणजेच धंदा होता. उद्या धंद्यावर कुणी दावा लावला तर तो तुमच्या राहत्या घरावर येईल. आता कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. कायद्यानं कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती." साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ती जेवायला कुटं असती?"

झालं, घरात एक माणूस वाढलं. दूध आणायचं विसरलं की हे म्हणायचे, कंपनीला इचारा. पंखा चालू राहिला, कंपनीनं ठेवला असंल. शेवटी माझी थोरली मेव्हणी, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिनं एकदा जेवायच्या वेळी सांगितलं, "आज कंपनीनं सैपाक केलाय, तिच्याकडंच जावा." तेव्हापासून घरातली कंपनी थोडी कमी बोलायला लागली. पण 'लिमिटेड' हा शब्द काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही. "हाटेलात लिमिटेड थाळी असती. भात एकदाच. लग्नाच्या मांडवावर लिमिटेड लिवलं तर वऱ्हाड आल्या पावली माघारी जाईल की." पेंटरला सांगून त्यांनी बोर्डावर तो शब्द अगदी कडेला घेतला आणि बरोबर त्याच्यासमोर एक झालर लटकवून दिली. वारा आला की सोलापूरकरांना आमचे साडू लिमिटेड असल्याचं ओझरतं दिसायचं.

आणि वारा आला तो अकलूजला.

एका बागायतदाराच्या पोरीचं लग्न होतं, ऐन उन्हाळ्यातलं. प्रवेशाला मोठी स्वागत कमान, दोन्ही बाजूंनी दोर आणि दोर ताणून धरणाऱ्या खुंट्या. सकाळी नवरीची आजी आली आणि त्या दोराला अडखळून पडता पडता वाचली. साडूंनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, गाडीतून पहार काढली आणि ती खुंटी उपटून स्वतःच्या हातानं कमानीच्या जवळ ठोकली, म्हाताऱ्या माणसांची वाट मोकळी व्हावी म्हणून. दोर सैल पडला, ताण गेला. दुपारी उघड्या रानातून वावटळ आली आणि कमान खाली आली. खाली नवरीचे मामा होते, बार्शीचे, शाळामास्तर. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि बोटांत जोर राहिला नाही. फळ्याची वरची अर्धी बाजू मास्तरांच्या आयुष्यातून गेली.

खुंटी हलवताना साडूंना कुणी पाहिलं नव्हतं. आजीला कमी दिसायचं. पण त्यांनी ते त्याच संध्याकाळी अक्काला सांगितलं, दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि वकिलाला तर बसायच्या आधी सांगितलं. त्यांचे वकील सतत बडीशेप चघळणारे, सावध गृहस्थ. मला फार आवडले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे तुम्ही मला सांगितलं, बास झालं. आता कुणालाही सांगू नका. कमान वाऱ्यानं पडली. वारा दैवी. काम कंपनीचं, उभारणी कंपनीच्या माणसांची. तुम्ही नुसते संचालक. कंपनी म्हणजे पडदा आहे मालक, पडद्याआड तुम्ही आणि तुमचं घर सुरक्षित."

पडदा हा शब्द मंडपवाल्यापुढं काढायला नको होता. साडू म्हणाले, "वकीलसाहेब, पडदे मी जन्मभर लावतोय. लग्नात पडदा दोनच जागी लागतो. एक, भांडी घासायची जागा झाकायला. दुसरा अंतरपाट. तो नवरानवरीमधी धरायचा, आन् मंगलाष्टका झाल्या की काढायचा. काढलाच न्हाय तर त्याला लगीन म्हनत न्हाईत. तुमचा पडदा ह्यातला कुटला?"

वकिलांनी बडीशेपेचा डबा पुढं केला. साडूंनी घेतली नाही. मग वकिलांनी सक्त ताकीद दिली, की जखमी माणसाला भेटायला अजिबात जायचं नाही, गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं. हेही मला पटलं. दोन दिवसांत साडू बार्शीला जाऊन आले.

जाताना ते कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले, कारण आजाऱ्याला दुसरं काही न्यायचं असतं हे सोलापूरच्या माणसाला सुचत नाही. तिथं गेल्यावर लक्षात आलं, की कडक भाकरी एका हातानं मोडत नाही. मास्तर डाव्या हातानं खटपट करत होते. साडूंनी भाकरी घेतली, मोडून मोडून तुकडे केले, चटणीत दही कालवलं आणि मास्तर खाईपर्यंत समोर बसून राहिले. मग म्हणाले, "मास्तर, खुंटी मी हलवली व्हती." मास्तर सावकाश घास गिळून म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. पण दावा तर मी करणार. दोन पोरींची शिक्षणं आहेत माझ्या मागं." साडूंनी मान डोलावली. "करा की. करायलाच पायजे. फकस्त माजं नाव नीट लिवा. मागच्या टायमाला वीजबिलात चुकीचं आलतं."

हे सगळं त्यांनी मला परत आल्यावर मोठ्या समाधानानं सांगितलं. मी डोक्याला हात लावला.

दावा दाखल झाला. प्रतिवादी क्रमांक एक कंपनी, प्रतिवादी क्रमांक दोन आमचे साडू. वकिलांनी ठरवलेली चाल सरळ होती, की आधी अर्ज देऊन दोन नंबरचं नाव दाव्यातून काढायचं, मग एक नंबरचं काय व्हायचं ते होऊ दे. कंपनीच्या नावावर वासे, कनाती आणि एक जुना टेम्पो. घर साडूंच्या नावावर. घर राहतं की जातं, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न एका सहीनं सुटत होता. लेक पुण्याहून येऊन बसली होती, मी माझा चष्मा पुसून मागचं पान वाचून तयार होतो. साडूंनी अर्ज हातात घेतला आणि त्यांना भलताच राग आला. पण कशाचा? "दोन नंबरचा? मी? आवो, आख्ख्या नवी पेठेत इचारा, दोन नंबरचा धंदा आपण कदी केला न्हाय. नाव काढायचं असंल तर त्या एक नंबरवालीचं काढा. ती तितं नव्हतीच." लेकीनं कपाळावर हात मारला. अर्जावर सही झाली नाही ती नाहीच.

मी त्यांच्याशी भांडलो. विम्यातला माणूस सहसा भांडत नाही, पत्र लिहितो. पण मी भांडलो. म्हटलं, हा मोठेपणा नाही, हट्ट आहे. अक्काचा विचार करा. या वयात तिला कुठं नेणार? ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पावणं, तुमी म्हनता ते बराबर हाय. पर आजपत्तुर दर मेढीपाशी मी काय म्हनलो? पडली तर मी हाय. न पडलेल्या मांडवात तसं कुनी बी म्हनंल. पडला ह्यो एकच." मी चष्मा खिशात घालून उठलो. पटलं म्हणून नव्हे. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

उलटतपासणीच्या दिवशी ते लग्नाला जावं तसे कडक इस्त्रीत कोर्टात आले. मास्तर बाकावर बसले होते. त्यांना डाव्या हातानं पाण्याची बाटली उघडता येईना, तेव्हा प्रतिवादी क्रमांक दोननं जाऊन ती उघडून दिली. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी नजर दुसरीकडं वळवली. मग साडू पिंजऱ्यात उभे राहिले. मास्तरांच्या वकिलाला खुंटीचं माहीतच होतं, पण ते यांच्या तोंडून येईल अशी त्यालाही आशा नसावी. त्यानं लांबून सुरुवात केली.

"कार्य कुणाचं होतं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे? तुमचं?"

"तुमी आला असता तर तुमचं बी."

"मंडप कुणी उभारला?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कंपनीनं. बरोबर?"

आमच्या वकिलांनी इथं बडीशेप चघळणं थांबवलं. एक 'हो' म्हटलं असतं तर घर वाचत होतं. कंपनीनं, एवढंच. खोटंही नव्हतं ते पूर्ण. साडूंनी आपले दोन्ही हात वर केले, उलटसुलट करून न्यायाधीशबाईंना दाखवले. बांबूच्या सालींनी चिरलेले, दोरीनं घट्टे पडलेले हात.

"कंपनीला हात हाईत व्हय, साहेब? खुंटी मी हलवली. ह्या हातानं. म्हातारीच्या पायात येत व्हती म्हनून हलवली, पर ती घट बसली का न्हाय ते बघितलं न्हाय. मेढ हलवून बघतो मी दर खेपंला. खुंटी न्हाय बघितली."

न्यायाधीशबाई लिहायचं थांबून म्हणाल्या, "याचा तुमच्यावर व्यक्तिशः काय परिणाम होईल, हे तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय की. समजतंय म्हनूनच मोठ्यानं बोलतोय. टाइप करनाऱ्या बाईंना ऐकू गेलं नसंल तर परत सांगतो."

त्यांना ऐकू गेलं होतं. कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं होतं. वकिलांनी नंतर जिन्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, की कायद्याचा पडदा कंपनीच्या कर्जापासून माणसाला वाचवतो, पण माणसाच्या स्वतःच्या हातांपासून वाचवत नाही, आणि ते हात कुणाचे हे शोधायला लोकांना वर्षं लागतात. "तुमच्या साडूंनी स्वतःच वर करून दाखवले," ते म्हणाले आणि उरलेली सगळी बडीशेप एकदम तोंडात टाकली.

पुढं तडजोड झाली. मास्तरांना मिळायचं ते मिळालं आणि घर विकलं गेलं. घर सोडायच्या दिवशी लेक रडत म्हणाली, "अप्पा, मी तुमच्यासाठी भिंत बांधली होती." साडू म्हणाले, "चांगली बांधली व्हतीस गं. पर मी मांडववाला. मला चारी बाजू मोकळ्या लागत्यात." ती त्यांच्याशी बरेच महिने बोलली नाही. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. अक्का तेवढी शांत होती. अक्कलकोट रोडला मंडपाच्या सामानाचं भाड्याचं गोदाम होतं, त्यावरच्या दोन खोल्यांत तिनं तुळशीची कुंडी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "मांडववाल्याची बायको मी. आज हितं, उद्या तितं. उभारायचं नि सोडायचं." त्यानंतर गच्चीत जाऊन ती बराच वेळ एकटीच उभी राहिली. मी पाहिलं. साडूंनीही पाहिलं.

आता कंपनी लेकच बघते, आणि उत्तम बघते. प्रत्येक मंडपाला इंजिनिअरचा दाखला, प्रत्येक कार्याचा विमा. बोर्डावरची झालर तिनं काढून टाकली आहे. आणि करारात एक कलम आहे, की उभारणीच्या साहित्याला कंपनीनं नेमलेल्या माणसांखेरीज कुणीही हात लावायचा नाही. ते कलम कुणासाठी लिहिलं आहे हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर साडू गोदामाच्या दारात खुर्ची टाकून गाड्या भरताना नुसते बघत बसले. आवाज खाली आला. त्या बादलीत अक्कानं कोथिंबीर लावली होती.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. मंडप अर्थात त्यांच्याच कंपनीचा, करारावर मी मागच्या पानापासून वाचून सही केलेली. मुहूर्तमेढीच्या सकाळी साडू आले आणि लांब भिंतीपाशी खुर्चीवर बसले. गुरुजींनी पूजा सांगितली. मेढ उभी करायची वेळ आली तेव्हा फरशीच्या अंगणात कंपनीच्या माणसांनी ठेवलेला तेलाचा डबा होता, वाळूनं भरलेला. कराराप्रमाणं. मी त्या डब्याकडं बघितलं आणि साडूंना हाक मारली. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "कंपनी परवानगी द्यायची न्हाय, पावणं."

मी म्हटलं, "तिला हात नाहीत. ती काय अडवणार?"

साडूंची लेक तिथंच उभी होती. ती बाहेर गेली, गाडीची फळी उघडल्याचा आवाज आला आणि ती परतली तेव्हा तिच्या हातात ती लोखंडी बादली होती, काळ्या मातीनं भरलेली. कोथिंबिरीची एक काडी अजून तिच्यात होती. म्हणजे ती निघतानाच घेऊन आली होती.

साडू उठले. मेढ मातीत रोवली, भोवतीनं पायानं माती दाबली. पण हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, खांब हलवून बघायला गेले तर खांबाआधी हातच थरथरले. ते थांबले. माझ्याकडं वळून म्हणाले, "पावणं, तुमी बी धरा. उद्या कुनी इचारलं तर दोगांची म्हना."

मी पुढं झालो. त्यांच्या हातांच्या वर माझे हात ठेवले आणि दोघांनी मिळून खांब हलवून बघितला. मग मी म्हटलं, बऱ्यापैकी मोठ्यानं, "झालं. आता पडली तर आम्ही आहोत."